फणसाखाली फुललेलं बिननावाचं झाड

प्रश्न : गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे. मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि फणसाच्या बुंध्याशी एका झाडाचं बेट पसरलंय. ते कुणी लावलं हे घरात कुणालाच आठवत नाही. पानं हिरवी, रुंद पट्टीसारखी, काठाला बारीक काटे. मधोमध पाणी साठतं. गणपतीच्या आधी सगळ्या बेटातून एकदम लालभडक तुरे वर आले, फुलांच्या टोकाला जांभळा रंग होता. आठवडाभरात त्यांनी माना टाकल्या. आता तुरे आलेले झुपके पिवळे पडताहेत. शेजारच्या काकू त्याला जंगली अननस म्हणतात, पुतण्या म्हणतो घायपात आहे, रोपवाटिकेतल्या माणसानं ‘ब्रोमेलिया’ सांगितलं. मोबाइलवरच्या ॲपनं तीन फोटोंना तीन नावं दिली : एकमिया, गुझमानिया आणि अननस. सासूबाईंना वाटतं त्यात डास होतील आणि एखादं किरडू लपेल. दोन झुपके फणसाच्या खोडावर चढलेत, म्हणून ह्यांचं म्हणणं की हे बांडगूळच, काढून टाकू. नक्की काय आहे हे? ठेवावं की काढावं? आणि ठेवलं तर मुलीला पुण्यात गॅलरीत लावायला एखादं रोप देता येईल का? सोबत फुलाचा आणि पानांचा फोटो पाठवते आहे.

उत्तर : ताई, आधी नाव सांगते, कारण घरात झाड काढायचं जवळजवळ ठरत आलेलं दिसतंय. तुमचं झाड बिलबर्गिया पिरॅमिडॅलिस आहे. फोटोवरून आणि तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून जितकं खात्रीनं सांगता येतं तितक्या खात्रीनं सांगते आहे. उरलेली शंका फिटायला ताजं फूल हातात हवं, आणि ते आता पुढच्या हंगामातच मिळेल. तोवर बेट राहू द्या.

तुम्ही पत्रात जे टिपलंय ते फोटोंपेक्षा जास्त उपयोगी पडलं. काठाचे काटे, मधलं पाणी, सगळ्या बेटाला एकाच वेळी आलेला फुलोरा, फुलाच्या टोकाचा जांभळा रंग आणि आठवडाभरात संपलेलं सगळं. एवढ्यावर नाव जवळजवळ हाती येतं. कसं येतं ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे यापुढे असं दुसरं झाड दिसलं तर तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

रोपवाटिकेतल्या माणसानं चुकीचं सांगितलेलं नाही, पण फार थोडं सांगितलं. ब्रोमेलिएसी हे तीन हजारांहून जास्त जातींचं कुळ आहे. ओलोफ ब्रोमेलियस या सतराव्या शतकातल्या स्वीडिश वैद्याच्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते ओळखलं जातं. यातल्या जवळपास सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या. फक्त एक, पिटकेर्निया फेलिसियाना, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात सापडते. त्यामुळे आपल्याकडे या कुळातलं जे काही दिसतं ते कधीतरी कुणीतरी आणून लावलेलं असतं. अननस त्यातलंच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेलं. आणि याच कुळात पेरू-बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातली पुया रायमोंडी आहे, जी फुलोरा आल्यावर दहा मीटरच्या घरात जाते. फांद्यांवर, तारांवर नुसतं लोंबत राहणारं स्पॅनिश मॉसही यातलंच. एवढा पसारा असताना ‘ब्रोमेलिया’ एवढ्यानं झाडाला पाणी किती द्यावं हेसुद्धा कळत नाही. रोपवाटिकांनी कुंडीला पूर्ण नाव लावायला हवं, गिऱ्हाइकानंही ते मागून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नाव हरवलेलं रोप चार घरं फिरलं की ते पुन्हा मिळवणं किती अवघड जातं हे तुमच्या पत्रातच दिसतंय.

काकूंच्या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. तुमचं झाड आणि अननस एकाच कुळातलेच नव्हेत तर एकाच उपकुळातले. पण अननसाचं पान अरुंद, पन्हळीसारखं खोलगट असतं आणि मधोमध पाण्याचा असा घट्ट पेला होत नाही. शिवाय अननसाच्या कणसाच्या डोक्यावर पानांचा शेंडा असतो. तुमच्या तुऱ्यावर तो नाही. पुतण्याला मात्र सांगा की घायपाताचं पान जाड, मांसल असतं आणि त्याच्या टोकाला सुईसारखा कडक काटा असतो. तुमच्या झाडाचं पान पातळ, चिवट आहे. टोक गोलसर आणि त्यावर बारीकसं अणकुचीदार टोक. दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली की पुन्हा गोंधळ होणार नाही.

आता ॲपची नावं घेऊ. पानाच्या काठावरून, टोकाकडून देठाकडे, हलकेच बोट फिरवा. करवतीसारखं लागलं की गुझमानिया बाद. नुसती गुझमानियाच नाही, तिच्याबरोबर व्ह्रीसिया आणि टिलँड्सियाही बाद, कारण त्या सगळ्या उपकुळात पानाचा काठ नेहमी गुळगुळीत असतो. दसरा-दिवाळीला शहरांतल्या रोपवाटिकांत लाल-पिवळ्या तुऱ्यांच्या ज्या कुंड्या भेट द्यायला म्हणून मांडलेल्या असतात त्या बहुतेक गुझमानियाच्या. त्यांचा तुरा महिनोन् महिने टिकतो. ॲपला फक्त लाल रंग आणि झुपक्याचा आकार दिसला, काठ दिसला नाही, म्हणून ते नाव आलं. ध्यानात ठेवा, हा कस एकाच बाजूनं चालतो : काटा असला तर गुझमानिया नक्की नाही, पण काटा नसला म्हणून ती गुझमानियाच असं म्हणता येत नाही.

एकमिया हे नाव जास्त विचार करण्यासारखं होतं. तिला काटे असतात, पेल्यात पाणी असतं, आणि ती तुमच्या झाडाची जवळची नातलग आहे. बाजारात सर्वांत जास्त दिसते ती एकमिया फॅसिएटा. तिच्या पानांवर रुपेरी भुकटीचे आडवे पट्टे असतात, तुरा गुलाबी आणि काटेरी, आणि त्यातून निळी, छोटी फुलं डोकावतात. पण तुऱ्यातली ती गुलाबी काटेरी पानं कित्येक महिने रंग धरून राहतात. तुमचा तुरा आठवडाभरात संपला. फुलं किती दिवस टिकली हे लोक सहसा लिहीत नाहीत. तुम्ही लिहिलंत, आणि माझं निम्मं काम तिथेच झालं. बिलबर्गियाच्या तुऱ्याभोवतीची रंगीत पानं, ज्यांना छद म्हणतात, ती पातळ, जवळजवळ कागदी असतात. आठवडा, फार तर दोन आठवडे, आणि मग ती मलूल होतात. याच कारणानं रोपवाटिकावाले बिलबर्गिया फारशी विकायला ठेवत नाहीत. ती पसरते ती वईवरून दिलेल्या फुटव्यांतून, म्हणूनच अशा जुन्या वाड्यांतून ती सापडते आणि तिच्याबरोबर नावाची चिठ्ठी नसते.

याच कुळातल्या निओरेगेलियाचं नाव ॲपनं घेतलं नाही, पण कुणीतरी घेईलच, म्हणून सांगून ठेवते. तिची फुलं पेल्याच्या आतच, पाण्याच्या जेमतेम वर उमलतात आणि त्या वेळी मधली पानं लाल होतात. तुमचा तुरा दांड्यावर ताठ वर आला, तेव्हा तो प्रश्नच उरत नाही.

राहिली बिलबर्गियामधली निवड. हे नाव १८२१ साली थुनबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं गुस्ताफ बिलबर्ग या आपल्या स्वीडिश समकालीनावरून दिलं. या गटात साठेक जाती आणि माणसांनी केलेले भरपूर संकर आहेत. बहुतेक जातींचे झुपके चार-सहा पानांच्या उभट, अरुंद नळीसारखे असतात आणि तुरा एका बाजूला झुकून लोंबतो. पिरॅमिडॅलिसचा झुपका त्यांच्यापेक्षा रुंद आणि पसरट, पानं जास्त, आणि तुरा सरळ उभा, गच्च, वर निमुळता. तुमच्या फोटोत नेमकं हेच आहे. पाकळ्या लाल आणि टोकाशी जांभळ्या-निळ्या, हे या जातीचं नेहमीचं रूप. सगळी पाकळी लालच असणाराही एक प्रकार आहे, पण तुमचा तो नाही. आणि तयार झालेले सगळे झुपके एकाच वेळी फुलणं, हे या जातीचं मला सर्वांत आवडणारं लक्षण आहे. एका सकाळी काही नाही आणि पुढच्या आठवड्यात फणसाखाली सगळं लाल. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात आणि वेस्ट इंडीजमध्ये ही तिच्या मूळ घरी असते. तिथे गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) चोच घालून तिचा मध पितात. लाल रंग आणि लांबट नळी हे त्यांच्यासाठीच.

महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड जागी कुणाकडे बिलबर्गिया म्हणून अगदी अरुंद, गवतासारखी पानं आणि खाली झुकलेली हिरवी-निळी फुलं दिसली तर ती बिलबर्गिया नुटान्स. तिची आणि तुमच्या झाडाची गल्लत करू नका.

आता पुढच्या फुलोऱ्यात काय बघायचं ते सांगते. तुरा वर आल्याबरोबर, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांतच, एक फूल तोडा. आधी तुऱ्याच्या दांड्यावर बोट घासा : पांढरी पिठूळ भुकटी बोटाला लागली पाहिजे. मग उमललेल्या पाकळ्या बघा. त्या नुसत्या वळल्या असतील तर ठीक. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी घट्ट गुंडाळी करून मागे गेल्या असतील तर ती बिलबर्गियाच्या दुसऱ्या उपगटातली जात, आणि मग मला पुन्हा विचार करावा लागेल. त्यानंतर नव्या ब्लेडनं फूल उभं चिरा. बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली, फुलाच्या बुडाशी वेगळा दिसला की अननसाचं उपकुळ पक्कं झालं. गुझमानियाच्या उपकुळात तो पाकळ्यांच्या आत, वरच्या अंगाला असतो. अजून बारकाईनं बघायचं असेल तर एक पाकळी सुटी करून तिचं बूड आतल्या बाजूनं भिंगाखाली धरा. तिथे झालरीसारखे कातरलेले दोन छोटे खवले दिसतील. फुलाची लांबीही मोजा. चार-पाच सेंटिमीटरच्या आसपास यावी. एकमियाची फुलं याहून बरीच लहान असतात आणि हिरव्या निदलांच्या टोकाला बहुधा काटा असतो.

फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, म्हणजे बघणाऱ्याला आकार कळतो. एक फोटो पूर्ण झुपक्याचा बाजूनं, एक वरून, एक पानाच्या काठाचा जवळून, एक तुऱ्याचा, एक चिरलेल्या फुलाचा. तारीखही लिहून ठेवा. फक्त पानांच्या फोटोवरून मी कुणालाही जातीचं नाव सांगत नाही, आणि कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका असंच म्हणेन. या कुळात फूल नसताना गटापर्यंत पोचलं तरी पुष्कळ झालं. कागदोपत्री पक्कं नाव हवं असेल तर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र पुण्यात आहे, आघारकर संशोधन संस्थाही पुण्यात आहे, आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथे वाळवलेले नमुने ताडून बघणारी जाणती माणसं असतात. मात्र नमुना नेताना फुलोऱ्यासकटच न्या.

तुमचे यजमान बांडगूळ म्हणतात त्यामागची काळजी मला समजते. आंब्यावर बांडगुळानं काय होतं हे कोकणात बागा असलेल्या प्रत्येकानं पाहिलंय. बांडगूळ आपली मुळं फांदीच्या लाकडात घुसवतं आणि झाडाचा रस ओढतं. बिलबर्गिया तसं काहीही करत नाही. तिची मुळं सालीला नुसती धरून राहतात, आत शिरत नाहीत. पाणी आणि खाणं ती मुख्यतः पानांतून घेते : पेल्यात पडलेला पालापाचोळा, धूळ, किडे कुजतात आणि पानांवरचे सूक्ष्म खवले ते पाणी शोषून घेतात. आमरीची (ऑर्किडची) काही रोपं झाडावर वाढतात तसंच हे. फणसाला त्याचा त्रास नाही, आणि फणस उतरवताना मध्ये येत असेल तर तेवढा झुपका हातानं सुटतो. एक झुपका सोडवून सालीवरचा डाग यजमानांना दाखवा. लाकडाला भोक पडलेलं दिसणार नाही.

पिवळे पडणारे झुपके हाही रोग नाही. या झाडाचा प्रत्येक झुपका आयुष्यात एकदाच फुलतो. फुलून झाला की तो बुडातून फुटवे देतो आणि पुढच्या काही महिन्यांत हळूहळू वाळतो. तुम्ही लिहिलंत की फक्त तुरे आलेलेच झुपके पिवळे होताहेत. तेव्हा काळजीचं कारण नाही. त्यांना लगेच उपटू नका, वाळेपर्यंत ते पिल्लांना पोसत असतात. पूर्ण तपकिरी झाले की ओढून काढा, सहज हातात येतात.

मात्र पिल्लंही पिवळी-तपकिरी पडायला लागली, पेल्याच्या आतली कोवळी पानं बुडातून कुजून वर उचलून आली, तर माझा पहिला संशय बोर्डो मिश्रणावर जाईल. तुमच्या वाडीत पोफळी आहेत, म्हणजे कोळेरोगासाठी मिरगाच्या आधी आणि पुन्हा पावसाच्या उघडिपीत फवारणी होत असणार. बोर्डोमध्ये मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि तांबं हे या कुळातल्या झाडांना विष आहे. पोफळीच्या शेंड्यावर मारलेलं मिश्रण खाली ठिबकतं, नेमकं या पेल्यांत साठतं, आणि जे खवले पाणी पितात तेच तांबंही आत घेतात. ही गोष्ट कोकणातल्या बागायतदारांना सहसा कुणी सांगत नाही आणि झाड ‘पावसानं कुजलं’ असं म्हणून सोडून दिलं जातं. उपाय सोपा आहे. फवारणीच्या दिवशी बेटावर ताडपत्री किंवा जुनं प्लॅस्टिक अंथरा, माणूस झाडावरून उतरला आणि ठिबकणं थांबलं की काढा. विसरलात तर त्याच दिवशी नळीनं पेले भरभरून ओसंडू द्या, दोन-तीनदा. झुपका खोडावर बांधायचा झाला तर सुंभ वापरा, तांब्याची तार नको. पोफळीची फवारणी चुकवा असं मी अजिबात म्हणत नाही. पोफळ हे तुमचं उत्पन्न आहे.

सासूबाईंची डासांची भीती खरी आहे. तिच्याकडे मी ‘झाडाच्या हौसेसाठी दुर्लक्ष करा’ असं सांगणार नाही. पेल्यातलं साचलेलं स्वच्छ पाणी हे डेंग्यूच्या डासाला चालतं. २०१६ साली झिकाची साथ अमेरिकेतल्या मायामीत पोचली तेव्हा मायामी बीच शहरानं सार्वजनिक जागांतली ब्रोमेलियाडची, म्हणजे याच कुळातली, झाडं काढून टाकली होती. पण अंड्यापासून उडता डास होईपर्यंत आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, आणि बागेला पाणी देणाऱ्या घरात हे चक्र मोडणं अवघड नाही. आरोग्य सेविका सांगतात तो आठवड्याचा कोरडा दिवस घरातल्या पिंपांसारखाच या बेटालाही पाळा. त्या दिवशी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून प्रत्येक पेल्यात जोराची धार मारा, जुनं पाणी अळ्यांसकट बाहेर सांडलं पाहिजे. जमिनीवर पडलेल्या अळ्या मरतात. कुंडीतलं झाड असेल तर सरळ आडवं करून ओता. आषाढात मुसळधार पाऊस हे काम आपोआप करतो. खरा धोका पाऊस ओसरल्यावर, भाद्रपद-आश्विनात, जेव्हा एखादी सर येते आणि मग आठ दिवस ऊन पडतं. त्या दोन महिन्यांत एकही आठवडा चुकवू नका. बेट मोठं असेल आणि सगळीकडे धार पोचत नसेल तर अळ्या मारणारी बीटीआय नावाच्या जिवाणूची पूड किंवा दाणे मिळतात, ते पेल्यात टाकले तरी झाडाला इजा होत नाही. रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल मात्र कधीही नको. गटारात ते टाकतात म्हणून इथेही कुणी टाकेल. तेलाचा थर बसला की पानांचे खवले बंद होतात आणि झाड मरतं.

साथ सुरू असेल आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर पेले पूर्ण रिकामे ठेवले तरी चालतं. जमिनीत मुळं आहेत, कोकणची हवा दमट आहे. काही आठवडे पेला कोरडा राहिला म्हणून हे झाड मरत नाही. आणि आठवड्याला पाणी ओतायला घरात कुणीच नसेल, घर वर्षातले आठ महिने बंद असेल, तर बेट कमी करून चार झुपके ठेवा असंच मी सांगेन. माणसांपेक्षा झाड मोठं नाही.

किरडवाचं म्हणाल तर हे झाड सापाला बोलावत नाही. पण कुठल्याही गच्च बेटाखाली वाळकी पानं साठली की उंदीर, बेडूक येतात आणि त्यांच्या मागे बाकीचं येतं. तेव्हा वर्षातून एकदा, दिवाळीनंतर जमीन सुकली की, काठीनं आधी आवाज करून, हातात मोजे घालून वाळके झुपके काढा, बेट विरळ करा. मागच्या दारापासून आणि विहिरीच्या वाटेपासून ते चार हात लांब राहील असं बघा.

मुलीसाठीचं रोप आत्ता देऊ नका. या फुलोऱ्यानंतर आलेले फुटवे अजून फार लहान आहेत. फुटवा मूळ झुपक्याच्या उंचीच्या एक तृतीयांश ते निम्मा झाला की तो वेगळा जगतो. शिमग्याला ती घरी येईल तोवर तो तेवढा झालेला असेल. धारदार सुरीनं बुडाशी, कठीण खोडाचा तुकडा सोबत येईल असा कापा. जखम एक दिवस सावलीत सुकू द्या. पेला पूर्ण रिकामा करून वर्तमानपत्रात गुंडाळला की पाण्याशिवाय दोन-तीन दिवस सहज राहतो, एसटीच्या प्रवासाची चिंता नको.

पुण्यात त्याला नुसत्या मातीत लावायचं नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे तुकडे, थोडा लाकडी कोळसा आणि मूठभर कुजलेला पालापाचोळा, एवढं पुरे. कुंडी सहा इंची, पण जड मातीची. हलक्या प्लॅस्टिकच्या कुंडीत पाण्यानं भरलेला झुपका कलंडतो. बूड फार खोल पुरू नका, नाहीतर कुजतं. मुळं धरेपर्यंत बारीक काठीचा आधार द्या. पूर्वेची गॅलरी उत्तम. पश्चिमेची असेल तर चैत्र-वैशाखात हिरवी जाळी बांधावी लागेल, दुपारचं ऊन पानांवर करपल्याचे डाग पाडतं. अगदी अंधारात ठेवलं तर पानं लांबलचक, गडद होतात आणि तुरा येत नाही. पाणी पेल्यात घालायचं, दर आठवड्याला ओतून नवं भरायचं, आणि कुंडीतला भर सुकल्यावरच भिजवायचा. बोअरचं पाणी असेल तर पानांवर क्षारांचे पांढरे डाग बसतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते वापरावं. खत जवळजवळ नकोच. पावसाळ्यात एकदा-दोनदा, नेहमीच्या मात्रेच्या पाव भागानं, कुंडीत, पेल्यात नको.

रोप वर्ष-दोन वर्षांत फुलेल. तिला घाई झाली आणि झुपका पुरता वाढलेला असला, तर पेला रिकामा करून, कुंडीवर पिशवी घालून आत आठवडाभर एक पिकलेलं सफरचंद ठेवायचं. पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं या कुळातली झाडं फुलावर येतात. अननसाचे बागायतदार फळं एकदम धरायला इथ्रेल हे इथिलीन सोडणारं औषध वापरतात ते याच कारणानं. पिशवी उन्हात ठेवू नये, आत उकडतं. अर्थात तुमच्या मूळ बेटाला यातलं काही करायला नको, ते पुढच्या गणपतीच्या सुमाराला आपण होऊन फुलेल. फुललं की चिरलेल्या फुलाचा फोटो मला नक्की पाठवा. आणि त्याआधी एक करा : एका पत्र्याच्या तुकड्यावर नाव, गाव आणि फुलोऱ्याची तारीख खिळ्यानं कोरून ती पट्टी मुलीच्या कुंडीत खोचून द्या.